चौदा महिन्यांची खपली

मार्लिस ऑस्बीचे बावीस उन्हाळे मोंटानाच्या हमरस्त्यांवर पाटी धरून उभं राहण्यात गेले होते. पाटीच्या एका बाजूला ‘थांबा’, दुसऱ्या बाजूला ‘हळू’. डांबरीकरण चालू असलं की एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला आणखी कोणी, आणि मधल्या पट्ट्यात वेड नावाचा तिचा सहकारी आपली पिवळ्या दिव्याची गाडी घेऊन वाहनांच्या रांगेला वाट दाखवत ये-जा करायचा. ऊन, वारा, धूळ, गुरांचे ट्रक हाकणाऱ्यांच्या शिव्या, सगळं अंगवळणी पडलं होतं. खालच्या ओठावरची खपली मात्र काही केल्या पडेना.

ती पहिल्यांदा जाणवली मार्च महिन्यात. डाव्या बाजूला, मसुराच्या दाण्याएवढी, पांढुरकी, खरखरीत. थंडीनं ओठ उलला असेल म्हणून मार्लिसनं दुर्लक्ष केलं. चार दिवसांनी खपली निघाली, खाली गुलाबी कातडी दिसली, तिला हायसं वाटलं. आठवड्यानं खपली परत तिथंच, जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

मे महिना आला तरी तेच. कॉफी झोंबायची, टोमॅटो झोंबायचा, मोकळेपणी हसलं की ओठ चिरायचा. गॉर्डी, तिचा नवरा, जेवताना तिच्या हाताकडे बघत राहायचा. “सोड की तो ओठ. दिवसभर नखानं कुरतडतेस, मग भरणार कसा?”

“कुरतडत नाहीये. आहे का गेली ते बघतेय.”

“आहे. मी इथून सांगतो, आहे.”

मुलगी ब्रेना गावाबाहेर मधमाश्या पाळायची आणि मेणाची मलमं करून शनिवारच्या बाजारात विकायची. ओठाचं ऐकताच ती डबी घेऊन आली. “आई, दिवसातून चारदा लाव. मेण, मध आणि पुदिन्याचा अर्क. ओठ लोण्यासारखा होईल.” मार्लिसनं लावलं. ओठावर मिरची चोळल्यासारखी आग झाली, डोळ्यांत पाणी आलं. ब्रेना समोर उभी होती, नाकावर मेणाचा डाग, चेहऱ्यावर परीक्षेच्या निकालाची उत्सुकता. “गार वाटतं,” मार्लिस म्हणाली. डबी संपली की दुसरी यायची.

गावातल्या दवाखान्यात ती जूनमध्ये गेली. तिथला डॉक्टर तरुण होता, सभ्य होता, आणि त्याचे डोळे पूर्ण वेळ संगणकाच्या पडद्यावर होते.

“ओठ चाटायची सवय आहे का?”

“नाही.”

“नकळत चाटत असाल. पाणी भरपूर प्या, व्हॅसलिन लावा.”

सप्टेंबरात ती पुन्हा गेली, तेव्हा त्यानं तापाच्या पुटकुळीचं मलम दिलं. जानेवारीत बर्फामुळे रस्ता बंद होता, म्हणून फोनच्या कॅमेऱ्यावरूनच दाखवलं. “चित्र धूसर येतंय,” तो म्हणाला, “पण कोरडेपणाच दिसतोय.” मार्लिसनं फोन बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन सिंकमधली भांडी गरजेपेक्षा कितीतरी जोरात घासली.

कामावर वेडला तर विषयच मिळाला होता. “काय मार्लिस, आज परत कुणाला चावलीस?” पहिल्यांदा ती हसली होती. विसाव्यांदा म्हणाली, “अजून नाही. तू जवळ ये.” त्यानंतर त्यानं विषय काढला नाही, आणि आपण एका चांगल्या माणसावर खेकसलो याचाही तिला राग आला. एवढ्याशा डागानं आपला स्वभाव नासवला, असं तिला वाटायला लागलं होतं. कुणाला सांगावं तर लोक म्हणणार, ओठ तर सुकलाय, कोणाचा सुकत नाही?

पुढच्या एप्रिलमध्ये ती दात साफ करून घ्यायला गेली. तिथली कॉर्ली नावाची बाई वर्षानुवर्षं तिचे दात घासत आली होती. तिनं दिवा खाली ओढला आणि हातातलं हत्यार परत ताटलीत ठेवलं.

“हे कधीपासून?”

“मार्चपासून.”

“महिना झाला?”

“मागच्या वर्षीच्या मार्चपासून.”

कॉर्लीनं दिवा आणखी जवळ घेतला. मग म्हणाली, “मार्लिस, ओठावरची जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर दाखवायची असते. तू तेरा महिने...”

“दाखवली.” मार्लिस खुर्चीत उठून बसली, गळ्यातला कागदी रुमाल तसाच. “तीनदा दाखवली. पाणी पी म्हणाले. मी पाणी प्यायले, कॉर्ली. माझ्याएवढं पाणी या जिल्ह्यात कोणी प्यायलं नसेल.” आणि तिथंच, कापसाचे बोळे गालात असताना, तिला रडू फुटलं.

कॉर्लीनं दाताच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी स्वतः बिलिंग्ज शहरातल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे फोन लावला आणि तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळवली. गॉर्डी साडेचार तास गाडी चालवत होता आणि वाटेत त्यानं एकदाही रेडिओ लावला नाही. त्याच्या बाबतीत हे लक्षण बरं नव्हतं.

त्वचेच्या डॉक्टर सायफर्टबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी हातमोजा चढवला आणि खपलीवर बोट फिरवलं, मग दोन बोटांत ओठ धरून आतून बाहेरून चाचपला. मार्लिसच्या लक्षात आलं, इतक्या महिन्यांत त्या जागेला डॉक्टरचं बोट आज पहिल्यांदा लागत होतं.

“काम काय करता?”

“रस्त्यावर उभी राहते. बावीस वर्षं.”

“टोपी?”

“हेल्मेट. त्याला कडा आहे. पण ऊन रस्त्यावरून उलटं वर येतं.”

“बरोबर. ओठाला तेच लागतं. लावता काय?”

मार्लिसनं सगळी यादी सांगितली. पुदिन्यापाशी बाईंनी मान हलवली. “त्यानं हे झालेलं नाही. पण सोललेल्या जागेवर ते म्हणजे आगीत तेल. आजपासून बंद.”

त्यांनी ओठ बधिर करून छोटा तुकडा काढला, दोन टाके घातले. नऊ दिवसांनी फोन आला. कर्करोग नव्हता. पण पेशी बिघडायला लागल्या होत्या, आणि आणखी काही वर्षं अशीच गेली असती तर काय झालं असतं हे बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. दिवसातून दोनदा एक मलम, तीन आठवडे. “आधी ओठ भयंकर बिघडेल. घाबरू नका, तसाच बिघडायला हवा.”

आता ब्रेनाला सांगणं भाग होतं. मार्लिस तिच्याकडे गेली तेव्हा ती शेगडीपाशी मेण वितळवत होती. सगळं ऐकून तिनं आच बंद केली.

“माझं मलम झोंबायचं तुला?”

“थोडं.”

“थोडं म्हणजे?”

“बरंच.”

“आणि तू गार वाटतं म्हणायचीस. आई, मला वाटत होतं गुण येतोय. दर वेळी तू डबी संपवायचीस, मी समजायचे बरं होतंय. आग होते म्हणाली असतीस तर मी तुला पहिल्याच उन्हाळ्यात ओढत बिलिंग्जला नेलं असतं.”

“तू इतक्या हौसेनं करतेस...”

“माझी हौस राखायला बाजारातली माणसं आहेत. तू माझं गिऱ्हाईक नाहीस.”

मार्लिसला त्या डॉक्टरवर चिडायचं होतं, इतके महिने तोच राग पोसला होता. त्यात आपलाही वाटा निघाला हे तिला मुळीच सोसलं नाही. ती तडक उठून गाडीत जाऊन बसली. दहा मिनिटांनी ब्रेना बाहेर आली, शेजारच्या सीटवर बसली, आणि दोघी समोरच्या पेट्यांवरच्या मधमाश्या बघत राहिल्या.

जूनमध्ये मलम सुरू झालं. दहाव्या दिवशी ओठ सुजून फुटला, रक्ताळला, मग काळ्या खपल्यांनी भरून गेला. सूप गार करून नळीनं प्यायचं, बोलायचं ते दात मिटून. काम सोडणं तिला मान्य नव्हतं. ती तोंडाला रुमाल बांधून उभी राहायची. एकदा पाणी प्यायला तिनं रुमाल खाली केला, तर रांगेतल्या गाडीतल्या बाईनं काच उतरवून हळूच एक कागद पुढे केला. त्यावर फोन नंबर होता आणि खाली लिहिलं होतं, “कोणी हात उचलत असेल तर इथं बोल. नाव विचारत नाहीत.” मार्लिसनं संध्याकाळी तो गॉर्डीला दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला. “मी उद्या तुझ्याबरोबर येतो,” तो म्हणाला, “आणि गळ्यात ‘मी मारत नाही’ अशी पाटी अडकवून उभा राहतो.” हसल्यानं ओठ पुन्हा चिरला.

जुलै संपता संपता नवी कातडी आली. पातळ, चकचकीत, टाक्यांच्या जागी एक पांढरी रेघ. दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि दर दोन तासांनी ओठावर उन्हापासून वाचवणाऱ्या मलमाची कांडी, आयुष्यभर. मार्लिस त्याबद्दल कुरकुरायची आणि लावायची.

ऑगस्टमध्ये एक दिवस पावसानं काम बंद होतं, तेव्हा ती गावातल्या दवाखान्यात गेली. तरुण डॉक्टरनं बिलिंग्जचा अहवाल वाचला, आणि पुन्हा पहिल्या पानावर गेला.

“माझ्या नावापुढे काय लिहिलंय तुमच्याकडे?” तिनं विचारलं.

“कोरडे ओठ.”

“तीनही वेळा?”

“तीनही वेळा.”

“ते बदला. मी बसते.”

त्यानं टंकायला सुरुवात केली. मध्येच थांबला, खुर्ची वळवली. “मी हात लावून बघायला हवं होतं,” तो म्हणाला. मार्लिसनं घरून बरंच काही ठरवून आणलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य आता नीट बसेना.

“हो, हवं होतं,” ती म्हणाली, आणि तो लिहून संपवेपर्यंत बसून राहिली.