कुंपणापाशी बादली

मावशीने उष्ट्याचं पिंप बंद केलं, कडीला कुलूप ठोकलं आणि किल्ली ॲप्रनच्या खिशात टाकली.

"अहो मावशी, कुलूप कसलं लावताय?" जावईबापू धावतच स्वयंपाकघरात आले. ते मालकांचे जावई. या मोसमापासून लॉजचा कारभार त्यांच्याकडे आला होता आणि सगळे त्यांना याच नावाने ओळखत. "पाहुणे व्हरांड्यात कॅमेरे लावून बसलेत. सहा वाजत आले. कुंपणापाशी बादली ओता ना, पूर्वी ओतायचात तशी. अस्वलाचं पिल्लू परवापासून तिथे घुटमळतंय म्हणे."

"म्हणून तर कुलूप."

"अस्वल नाही दिसलं तर मी त्यांना तोंड कसं दाखवू?"

"सकाळी जीपमधून जंगलात न्या. दिसलं तर दिसलं. अस्वल काय आपल्याकडे पगारावर आहे?"

जावईबापूंना हसू आलं नाही. त्यांनी हात पुढे केला. "किल्ली द्या. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

अठरा वर्षं हे स्वयंपाकघर मावशीने सांभाळलं होतं. या वयात दुसरीकडे कोणी उभंही करणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी हात काही खिशाकडे गेला नाही.

"उद्याचं उद्या बघू. पाहुण्यांना मीच सांगते."

"अहो, काय सांगणार?"

ती थांबलीच नाही. ओले हात ॲप्रनला पुसत तडक व्हरांड्यात गेली. दहाबारा माणसं कुजबुजत बसली होती. स्वयंपाकीण मधोमध येऊन उभी राहिलेली पाहून सगळी तिच्याकडे वळली.

"आज अस्वलाला खायला मिळणार नाही," मावशी म्हणाली. "गेल्या वर्षी मी रोज घालायचे. बादलीवर डाव आपटायचा, की या पिल्लाची आई यायची, पिल्लू मागे. तुमच्यासारखेच लोक टाळ्या वाजवायचे. मलाही भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू? मग मोसम संपला. लॉज बंद. तिची सवय कुठे बंद व्हायला? पलीकडच्या वस्तीत एकाचं दार फोडलं तिने. म्हाताऱ्याचा हात गेला."

"मावशी, पुरे," मागून जावईबापू दबक्या आवाजात म्हणाले.

"पुरे कसं? आठ दिवस बंदूकवाले जंगलात फिरले. सापडेना. तेव्हा मला बोलावलं. म्हणाले, बाई, जरा बादली वाजवा."

कोणीतरी खुर्ची सरकवली.

"मी वाजवली," मावशी म्हणाली. "ती आली. धावत आली हो."

जावईबापू जमिनीकडे बघत राहिले. गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या एका बाईंनी मावशीला पाण्याचा पेला दिला. तिने तो घेतला, पण प्यायली नाही.

तेवढ्यात कुंपणापलीकडचं झुडूप हललं. काळं, केसाळ डोकं बाहेर आलं. पिल्लू चांगलंच वाढलं होतं, पण हाडं वर आली होती. मावशीला बघताच ते नाक वर करून हुंगत थेट तिच्याच दिशेने निघालं.

"आलं, आलं!" सगळे कॅमेरे उठले.

मावशीने पेला खाली ठेवला. पायऱ्या उतरली, वाटेवरचा दगड उचलला आणि जीव खाऊन भिरकावला.

"चल नीघ! मेल्या, नीघ म्हणते ना!"

दगड खांद्यावर बसला. पिल्लू कळवळून ओरडलं, मागे सरकलं. पण पळालं नाही. तिच्याकडे बघतच राहिलं.

"अहो बाई, लागलं ना त्याला!" दुर्बीणवाल्या बाई ओरडल्या.

"लागू दे," मावशी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते तिने पुसलंही नाही. दुसरा दगड उचलायला ती वाकली होती.