आवतण घेतलेली पॅलिओ

नरहरी भोयरनं अख्खी नोकरी कोळशाच्या मालगाड्या हाकण्यात घालवली. रिटायर झाल्यावर त्याची एकच हौस उरली होती, आपल्या पायानं रेस दाबून एकदा तरी सुसाट जायचं. म्हणून त्यानं रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या शर्मिष्ठावहिनींकडून जुनी लाल पॅलिओ गाडी घेतली. जात इटलीची, दिसायला बोटभर, पण इंजिन असं की पुढच्या चौकाला आधीच घाम फुटावा.

वहिनींचे यजमान गंगाधरराव गेल्या साली झोपेतच गेले होते. किल्ली देताना वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरनं मना केलं, तरी हे अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसायचे. रेसवर पाय ठेवून, सुपारी चघळत. मी चहा खिडकीतून द्यायची."

नरहरी हसला. गुढियारीला घरी पोचेपर्यंत ते हसू जिरलं.

गाडी साठच्या वर जाईना. रेस दाबली की खालून कोणी तळवा लावल्यासारखी ती वर यायची. झटका नाही, जोर नाही. लेकराच्या हातातून कात्री काढून घ्यावी तशी, समजुतीनं. नरहरी बुटका, रोज सीट पुढं ओढायचा. सकाळी पाहावं तर सीट पार मागं, लांब टांगांच्या माणसासाठी लावल्यासारखी.

तुळशीराम मिस्त्रीनं गाडी फिरवून आणली अन् किल्ली दुरूनच टाकली. "गाडी फस्टक्लास आहे, काका. पन मले वाटलं, मी कोनाच्या तरी मांडीवर बसलो आहो."

"इकून टाका ना ते!" त्याची बायको वनमाला म्हणाली.

"काहून इकू? जिंदगीभर रखडत गेलो मी. आता तं जाऊ दे!"

तेवढ्यात पोळा आला. भंडाऱ्याकडची ही माणसं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकून त्याला जेवायचं आवतण द्यायचं, हा रिवाज. रेल्वेच्या नोकरीत बैल कुठला? वनमाला मातीच्या बैलावर भागवायची. यंदा नरहरीला लहर आली. "माझा बैल अंगणात उभा आहे," म्हणत त्यानं पळसाच्या पानानं गाडीच्या पुढच्या चाकांवर लोणी-हळद चोळली अन् हात जोडले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

"अवो, नाव घेऊन म्हना!" वनमाला दारातून ओरडली. "मोघम आवतण कोनीबी घेते!"

"घेऊ दे. पुरण कमी आहे का तुयाकडे?"

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं पान गाडीपुढं ठेवून दोघं घरात टेबलाशी जेवायला बसली, तर समोरची रिकामी खुर्ची सरकली. चांगली मागं सरकली, लांब पाय मावतील इतकी. खोलीत सुपारीचा वास पसरला. नरहरीनं हातातला घास परत ताटात ठेवला. वनमालेनं मात्र पदर डोक्यावर घेतला, तिसरं ताट मांडलं, वर कढत तूप सोडलं. ते पोळीला लागताच थिजून पांढरं झालं.

"भाऊजी," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "आवतणानं आले, पोटभर जेवा. पन आमच्या ह्यांचा पाय सोडा आता. बुढ्याची एकच हौस आहे."

ताटातलं काही हललं नाही. बऱ्याच वेळानं एक तृप्त ढेकर ऐकू आली. ती नरहरीनं दिली नव्हती.

सकाळी तो नव्या रायपूरच्या रस्त्याला लागला. नवी राजधानी तिथं अजून वसायची होती, रस्ता आधीच येऊन पसरला होता. नरहरीनं रेस दाबली. साठ गेले, ऐंशी गेले, शंभर मागं पडले. "जेवन फळलं वनमाले!" म्हणून तो एकटाच ओरडला. डोळ्यांतून पाणी कानाकडं धावत होतं.

मग पुढं म्हशी दिसल्या अन् त्यानं पाय उचलला.

काटा चढतच राहिला. ब्रेक दगडासारखा. नरहरीनं घाबरून दोन्ही पाय वर घेतले, सीटवर मांडी घातली. हातातलं स्टिअरिंग आपसूक वळलं. गाडी दोन म्हशींच्या मधून अशी अलगद निघाली की एकीनंही मान वर केली नाही. पुढं एका कडुलिंबाखाली गाडी आपणच थांबली. इंजिन चालूच.

नरहरी उतरला. घर लांब होतं, पण पायी जाता आलं असतं. आपल्या पायानं हाकायची हौस तर गेलीच होती. तरी त्या वेगाची गुदगुली अजून पोटात होती.  मग तो गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला बसला अन् पट्टा बांधला.

"चला, भाऊ."

ड्रायव्हरचं दार त्यानं उघडंच सोडलं होतं. ते आतून ओढून बंद झालं.