जिन्याच्या वळणावर

“नानांच्या हृदयात आता दम नाही राहिला. त्यांचं सामान खाली आणू, म्हणजे वरची खोली नव्या जोडप्याला होईल.”

थोरला मुलगा हे खाली बोलत होता. जिन्याच्या वळणावर नाना चष्मा पुसत उभे होते. दोन पायऱ्या मागे त्यांचा चहा घेऊन नवी धाकटी सून. दोघांनीही ऐकलं. मीही ऐकलं, कारण ते हृदय मीच.

मी मूठभर आकाराचं. नाना वरच्या खोलीत पन्नास वर्षं पुस्तकांची बांधणी करतात. रविवारी ते सुट्टी घेतात. मी एकाहत्तर वर्षांत एकही घेतलेली नाही.

वय झालं, ते नाकारत नाही. माझी डावी भिंत जाड झाली. झडपा कोवळ्या कागदासारख्या होत्या, त्या आता पुठ्ठ्याकडे झुकल्यात. माझ्यातून निघणारी मोठी धमनी ताठरली, त्यामुळे रक्त ढकलायला जोर जास्त लागतो. ठोका दिल्यावर सैल व्हायला आणि पुन्हा भरायला वेळ लागतो. ताल धरणाऱ्या पेशीही कमी उरल्या, म्हणून पूर्वीसारखं धावणं जमत नाही. पण बसल्या जागचं काम विचाराल, तर तरुणपणाइतकंच चोख. उगाच नाही सांगत.

डॉक्टरीणबाई हेच म्हणाल्या होत्या. हे वयाचं आहे, आजार नाही. जिना चढू द्या, घाई तेवढी नको. थोरल्याने त्यातले ‘जाड’ आणि ‘ताठर’ एवढे दोनच शब्द घरी आणले. बाकीचे दवाखान्यातच राहिले. फाईल धरून धाकटी शेजारीच बसली होती, पण तिला कोण विचारतो?

वळणावरचा थांबा माझ्यासाठी असतो, चष्मा हा नुसता बहाणा. हेही तिलाच कळलं. पुसून झाला तरी काचेवरचा बांधणीच्या खळीचा डाग जागच्या जागी असतो ना!

मला हिणवू नका, लोकहो. भरायला जरा अवकाश द्या, एवढंच मागणं.

नाना खाली वळले. ‘आणा सामान’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलंच होतं. पण धाकटी त्यांच्या आधी खाली पोचली. लग्नाला दोन महिने झाले, पोरीने जेवताना मीठसुद्धा मागितलं नव्हतं. तिने कप टेबलावर ठेवला.

“दादा, ती खोली आम्हाला नको. जिन्याच्या वळणावर एक स्टूल ठेवा.”