सोयीचे पैसे

अड्याळच्या टिकारामच्या घरात वर्षाकाठी जे उपास होतात, त्यातला एक पंचांगात सापडत नाही. तो एकादशीसारखा पंधरवड्याने येत नाही, की चतुर्थीसारखी चंद्राची वाट बघायला लावत नाही. घरातली बाई रेल्वेने जाणार असली की तो आदल्या दुपारपासून लागतो. पाणी बंद, ताक बंद, वरणसुद्धा घट्ट. त्याला त्या घरात ‘गाडीचा उपास’ म्हणतात. टिकारामच्या बायकोला, शकुबाईला, तो तिच्या सासूने शिकवला. तिने मुलगी नीतूला शिकवून सासरी पाठवलं, आणि सून रीना घरात आली तेव्हा कुळाचाराच्या यादीत बसवून तिलाही सांगितला.

पुरुषांना हा उपास नाही. पुरुषांना झाडं आहेत, भिंती आहेत, ‘येथे करू नये’ असं लिहिलेल्या जागा आहेत. टिकाराम पस्तीस वर्षं बायकोला घेऊन गाडीने फिरला, पण असा काही उपास असतो याचा त्याला पत्ता नव्हता. “आमच्या हिले गाडीत तहानच लागत नाई,” असं तो चार लोकांत कौतुकाने सांगायचा.

मागच्या दिवाळीत शेगावला जाऊन येताना रीनाने हा उपास निष्ठेने पाळला आणि परतल्यावर चार दिवस भंडाऱ्याच्या दवाखान्यात काढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “दिवसाला तीन लिटर पाणी, आणि लघवी रोखायची नाही. उजवी किडनी आधीच दुखावली आहे. पुन्हा असं झालं तर ती जाईल.” घरी येईपर्यंत या सल्ल्याचा अर्धा भाग वाटेतच गळाला. ‘पाणी पेवाले सांगतलं’ एवढाच उरला. दुसऱ्या भागात तो शब्द होता, आणि तो शब्द त्या घरात उच्चारला जात नसे.

एप्रिलच्या शेवटी भिलाईला नीतूच्या मुलीचं बारसं निघालं. रीनाच्या नवऱ्याला, विनोदला, दुकान सोडता येईना, म्हणून त्याने आईवडील आणि बायको अशी तीन तिकिटं मोबाइलवर काढली, तीही एसीची.

“एसी कायले?” शकुबाई म्हणाली. “आपण का साहेब आहो?”

“भाडं सगळ्याचंच वाढलं, आई. थोडे अजून टाकले त एसी होते. आन हे पाह्य, भाडं वेगळं, आरक्षणाचे वेगळे, सुपरफास्टचे वेगळे, आन सोयीचे बी वेगळे पैसे घेतले त्यायनं.”

विनोदला म्हणायचं होतं मोबाइलवर तिकीट काढायच्या सोयीबद्दल. पण शकुबाईच्या आयुष्यात ‘सोय’ या शब्दाला एकच अर्थ होता. लग्नघरी गेलं, तालुक्याला गेलं, पाहुण्यांकडे गेलं, की बायका एकमेकींच्या कानात विचारतात, “इथं सोय आहे का?” आणि ऐकणारीला कोणती सोय हे विचारावं लागत नाही.

“सोयीचे पैसे घेतले?” तिने पुन्हा विचारलं.

“घेतले ना. छापून आहे तिकिटावर.”

शकुबाईने क्षणभर विचार केला. मग सुनेकडे वळून म्हणाली, “मंग तू पाणी पेत जाजो वो रीना. पैसे भरले आहेत.”

एवढ्या एका गैरसमजावर रीनाने भर उन्हाळ्यात दोन लिटरची बाटली भरून घेतली. शकुबाईने मात्र स्वतःचा उपास धरलाच. जुनी सवय, दुसरं काय.

सकाळची गाडी दोन तास उशिरा आली. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण डब्यावरच्या धुळीत ते कोणाला वाचताच आलं नाही. आत गारवा होता, पडदे होते, आणि टिकारामच्या समोर नागपूरहून आलेले एक निवृत्त अधिकारी होते. त्यांना पेन्शनही होतं आणि मतंही होती.

“लोक उगाच ओरडतात,” ते म्हणत होते. “किलोमीटरला दोन पैसे वाढले. दोन पैसे! भाडं वाढवणार नाही तर सोयी कुठून येतील?”

“हे बरोबर बोलले साहेब,” टिकाराम म्हणाला. भाड्याचं मोल मिळतं की नाही, या विषयावर त्या दोघांनी गोंदियापर्यंत चांगला किस पाडला. प्रति किलोमीटर, प्रति माणूस, बसचं भाडं, विमानाचं भाडं, जपान. मधेच पाणीवाला आला. दोघांनी वीस-वीस रुपयांच्या बाटल्या घेतल्या आणि पाणी चांगलं थंड आहे यावर त्यांचं एकमत झालं.

गोंदिया सुटल्यावर रीना उठली.

डब्याला चार संडास होते. पहिल्याला बाहेरून कुलूप होतं. दुसऱ्यात पाणी नव्हतं, पण पाण्याखेरीज सगळं होतं. भांडं काठोकाठ भरून उतू गेलं होतं, त्यात कोणाचा तरी डायपर तरंगत होता, आणि ते सगळं गाडीच्या हेलकाव्यासरशी दारापर्यंत येऊन परत जात होतं. तिसऱ्यात भिंतीवर सुपारी-तंबाखूच्या खर्र्याच्या पिंका होत्या, बेसिनमध्ये कोणी तरी उलटी करून वर पोळी-भाजीचा कागद झाकला होता. चौथा त्यातल्या त्यात बरा होता, फक्त त्याला कडी नव्हती. कडीच्या जागी भोक होतं आणि दारासमोर चार पुरुष मोबाइलवर सिनेमा पाहत उभे होते. रीना आत डोकावली तेव्हा त्यांनी सिनेमा थांबवला.

ती शेजारच्या डब्याकडे गेली. मधलं दार बंद होतं. दुसऱ्या बाजूच्या डब्यातही हेच होतं, फक्त डायपर नव्हता.

ती जागेवर येऊन बसली. शकुबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.

“नाई का?”

“नाई, आई.”

“पैसे त भरले होते वो…”

तेवढ्यात गाडी जंगलात थांबली. सुपरफास्टचा अधिभार भरलेले लोक खिडकीतून बघत राहिले आणि शेजारच्या रुळावरून कोळशाच्या तीन मालगाड्या एकामागून एक पुढे गेल्या. कोळशाने आरक्षण केलं नव्हतं, पण त्याला घाई होती. पन्नास मिनिटं गेली. रीनाच्या कमरेत उजव्या बाजूने ओळखीची कळ सुरू झाली. तिने पदर दाताखाली धरला.

तिकीट तपासनीस आला तेव्हा तिने त्याला थांबवलं. “साहेब, बाथरूमचं काहीतरी करा. मले किडनीचा त्रास आहे. आमी सोयीचे पैसे भरले आहेत.”

त्याने तिकीट पाहिलं आणि तो मनापासून हसला. “अरे बहनजी, वो तो ऑनलाइन का चार्ज है। थोडा एडजस्ट करो। दुर्ग आ ही जाएगा।”

“आन त्याले कुलूप काहून आहे?”

“स्टोर है, ठेकेदार का।” असं म्हणून तो पडद्याआड गेला.

बाजूच्या बर्थवर सुगत नावाचा भंडाऱ्याचा तरुण प्राध्यापक होता. त्याने सगळं ऐकलं आणि मोबाइलवरून तक्रार केली. सात मिनिटांत उत्तर आलं: आपल्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे, कृपया पाचपैकी तारे द्या. सुगत जाऊन बघून आला. डायपर होता तिथेच होता.

“बाई, थोडी कळ काढा,” अधिकारी सहानुभूतीने म्हणाले. “आमच्या मिसेस तर दिल्लीपर्यंत जातात. एकदाही उठत नाहीत.”

त्यांच्या मिसेस खिडकीशी बसल्या होत्या. रीनाने त्यांच्या ओठांकडे पाहिलं. कोरडे, फुटलेले, वर लिपस्टिक. तिने एकाएकी विचारलं, “काकू, तुमी आज पाणी पेले का?”

मिसेसनी नवऱ्याकडे पाहिलं, मग खाली. “काल संध्याकाळपासून नाही.”

रीना उठली. कमरेवर हात धरून ती डब्यात एकेक पडदा सरकवत गेली आणि प्रत्येक बाईला तेच विचारत गेली. पुष्पाबाई नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, “सकाळी गोळीपुरतं, दोन घोट.” एक छत्तीसगढी आजी नुसती हसली आणि तिने कोरडी जीभ काढून दाखवली. कॉलेजची मुलगी म्हणाली, “ट्रेन में? पागल हूँ क्या?” तान्ह्या बाळाची आई म्हणाली, काल रात्रीपासून नाही, म्हणून दूधही उतरत नाही. अकरा बायका. अकरांपैकी अकरा. कोणी त्याला सवय म्हणत होती, कोणी काळजी, कोणी ‘आमच्याकडे असंच असतं’. शकुबाईला वाटत होतं हा उपास आपल्या सासूने काढला. तो तर सगळ्या डब्याचा निघाला.

आणि सगळ्यांच्या नवऱ्यांना वाटत होतं की आमच्या हिला गाडीत तहान लागत नाही.

गाडी हलली. एका छोट्या स्टेशनातून न थांबता निघायच्या बेतात असताना रीनाला कमरेत अशी कळ आली की ती तिथेच वाकली. समोर लाल साखळी होती. ‘सबळ कारणाशिवाय ओढल्यास दंड किंवा कैद’ असं तिच्याखाली लिहिलं होतं. तिने ते नीट वाचलं आणि साखळी ओढली.

गाडी फलाटाच्या टोकाला थांबली. तपासनीस धावत आला, गार्ड आला, रेल्वेचा पोलीस कागद घेऊन आला.

“किसने खींची? क्या कारण?”

अख्खा डबा कान टवकारून होता. त्यात सासरा होता. रीना म्हणाली, “लघवी.”

“क्या?”

“पेशाब. पेशाब लागली आहे, आन जागा नाई. कुलूप खोला, नाईतर मी पुन्हा ओढतो. जितक्यांदा गाडी हलन, तितक्यांदा ओढतो.”

टिकारामचे कान लाल झाले. “रीना, अव्वो, लोकं पाहून राहिले…” पण तोवर तान्ह्या बाळाची आई तिच्या शेजारी येऊन उभी राहिली होती, मग पुष्पाबाई, मग ती आजी, आणि मग खाली मान घालून अधिकाऱ्यांच्या मिसेस. वाटच बंद झाली. गार्डने घड्याळ पाहिलं आणि ठेकेदाराच्या माणसाला, त्या पाणीवाल्याला, खुणावलं. कुलूप निघालं.

आत पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांची खोकी छतापर्यंत रचली होती. कमोडच्या झाकणावर बर्फाचा टब होता आणि त्यात बाटल्या गार होत होत्या. ज्या मगाने बर्फ उपसायचा, तो साखळीने नळाला बांधलेलाच होता.

डब्यातल्या पुरुषांनी तो मग पाहिला. मग हातातल्या बाटल्या पाहिल्या. एकाने खिडकी समजून पडद्यावरच उलटी केली.

आणि मग काय सांगावं! इतका वेळ जपानबद्दल बोलणारा डबा एका क्षणात क्रांतिकारक झाला. “ही लूट आहे!” अधिकारी ओरडले. “वीस रुपये घेता आणि संडासातलं पाणी पाजता! भाडं कशाचं वाढवलं?” कोणी व्हिडिओ काढला, कोणी ठेकेदाराच्या माणसाची कॉलर धरली. किडनी जात होती तोवर कळ काढायची होती, पण हे पुरुषांच्या पोटात गेलं होतं. संडास बायकांचा प्रश्न होता. पाणी राष्ट्राचा झाला.

त्या गोंधळाकडे न बघता बायकांनी खोकी हातोहात बाहेर काढली आणि रीनाला पहिल्यांदा आत पाठवलं. दाराला बाहेरून पाठ लावून शकुबाई उभी राहिली. भिलाईच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी ताप उतरवताना सांगितलं की आणखी तासभर गेला असता तर किडनीचं काही खरं नव्हतं. मग एकेक करून बाकीच्या गेल्या. गाडी तेवढा वेळ उभी राहिली. कोळशासाठी राहिली होती, इथेही राहिली.

पोलिसाला कागद पुरा करायचा होता. त्याने तो लिहून रीनासमोर सही करायला धरला. सुगतने वाचून दाखवलं: ‘गाडी रोकने का कारण – पीने के पानी को लेकर यात्रियों में आक्रोश।’

“हे खोटं आहे,” रीना म्हणाली. “पाण्याचं मंग निंगालं. मी साखळी लघवीसाठी ओढली. ते लिवा.”

“अरे, साहेबांनी चांगलं कारण दिलंय,” अधिकारी म्हणाले. “यात सगळेच तुमच्या बाजूने आहेत. दंडही होणार नाही.”

“मले दंड करा. पण कारण माह्यं लिवा.”

पोलीस टिकारामकडे वळला. “चाचा, बहू को समझाओ। सरकारी कागज है। ऐसा गंदा शब्द अच्छा नहीं दिखता।”

टिकाराम बायकोकडे बघत होता. संडासातून बाहेर आल्यावर शकुबाईने कोणाच्या तरी हातातून पेला घेतला होता आणि ती घटाघटा पाणी पीत होती. एक पेला, दुसरा, तिसरा. पस्तीस वर्षांत त्याने तिला गाडीत पाणी पिताना पाहिलं नव्हतं. त्याला काहीतरी कळत होतं आणि ते कळणं त्याला झेपत नव्हतं.

शकुबाईने तोंड पुसलं. परपुरुषाशी चढ्या आवाजात ती कधी बोलली नव्हती.

“काहो शिपाईदादा,” ती म्हणाली, “तो संडास पाह्यला तवा तुमाले घाण नाई वाटली. त्यातलं पाणी इकून राहिले, तवा नाई वाटली. आन माह्या सुनेच्या तोंडचा शब्द घाण वाटते? लिवा म्हणतो ना मी. लिवा, लघवी!”

पोलिसाने आधीची ओळ खोडली आणि तिच्या वर, कागदाच्या कडेला, कोणाला दिसेल न दिसेल असा तो शब्द लिहिला.

रीनाने कागद हातात घेतला, पाहिला आणि परत दिला.

“बारीक झालं. मोठ्या अक्षरात लिवा.”