बोलणं माझ्या वाट्याला आलं

मी एक जुना स्पीकर आहे, मित्रांनो. स्पीकर म्हटलं की तुम्हाला वरातीपुढचा तो उंच ढिगारा आठवेल, ज्याच्या धक्क्यानं खिडक्यांच्या काचा थरथरतात. मी तसा नाही. मी आडवा, हातभर लांब, काळ्या लाकडी पेटीतला. घरात सिनेमाची खोली केली, की पडद्याच्या बरोबर खाली माझी जागा असते. ढगांचा गडगडाट, घोड्यांच्या टापा, गाण्यातला ढोल हे सगळं दोन्ही बाजूंच्या मोठ्या पेट्यांकडे जातं. माणसं जे बोलतात ते मात्र माझ्याकडे येतं. म्हणून मला मधला स्पीकर म्हणतात.

कारखान्यात माझ्या पोटात दोन कागदी पडदे बसवले आणि त्यांच्या मधोमध रेशमी कापडाचा एक इवलासा घुमट. जाड आवाज पडद्यांतून निघतो, बारीक आवाज घुमटातून. 'स', 'श', 'त' ही अक्षरं घुमट धड असेल तरच स्वच्छ उमटतात. नांदेडच्या एका डॉक्टरांच्या घरी मी नऊ वर्षं काम केलं. आलेला पाहुणा म्हणायचा, माणूस समोर बसून बोलल्यासारखं वाटतं. ते ऐकून मला बरं वाटायचं.

पुढे डॉक्टर मुलाकडे हैदराबादला राहायला गेले. लातूरच्या संगप्पांच्या दुकानानं आमचा सगळा संच उचलला. मोठ्या पेट्या महिन्याभरात विकल्या गेल्या. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. दुकानाच्या मागच्या अंगाला वायरींच्या भेंडोळ्यांत मी पडून राहिलो. कामगार माझ्या पाठीवर चहाचे पेले ठेवायचे. त्यांचे गोल डाग आजही आहेत. एकदा कुणीतरी गंमत म्हणून जाळी काढून घुमटावर बोट दाबलं. घुमट आत चेपला. त्या दिवसापासून मला वाटायचं, आपलं बोलणं संपलं.

गेल्या वर्षी अहमदपूरहून धम्मदीप दुकानात आले. पाटबंधारे खात्यात इंजिनियर. नवं घर बांधलं होतं आणि माडीवरची खोली खास सिनेमासाठी ठेवली होती. सोबत त्यांची आई, सुमनबाई. सुमनबाईंनी लातूरच्या डाळीच्या गिरणीत बावीस वर्षं काम करून मुलाला शिकवलं होतं. आता मायनं राणीसारखं बसून सिनेमा बघावा, एवढीच धम्मदीपची इच्छा होती.

दुकान आता संगप्पांची मुलगी रेणुका बघायची. आवाजाच्या कामात तिचा हात धरणारं लातुरात कुणी नव्हतं. धम्मदीपनी पुरुषभर उंचीच्या दोन पेट्या आणि जमीन हादरवणारा एक मोठा डबा पसंत केला. प्रोजेक्टरही सगळ्यात झगझगीत उजेडाचा निवडला. रेणुकानं लढाईचा प्रसंग लावला. मी मागच्या दारातून बघत होतो. धम्मदीप हसले, की क्षणभरानं सुमनबाई हसायच्या. त्यांनी मान डोलावली की त्याही डोलवायच्या. त्यांची नजर पडद्यावर नव्हतीच, मुलाच्या तोंडाकडे होती.

रेणुकाच्याही ते लक्षात आलं. तिनं लढाई बंद करून दोघांचं साधं बोलणं लावलं आणि सुमनबाईंच्या समोर जाऊन विचारलं, "मावशी, ती बाई आत्ता काय म्हणली?"

सुमनबाई हसल्या. मग हसू ओसरलं. त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि मुलाकडे पाहिलं.

धम्मदीपचा चेहरा लाल झाला. "मी माझ्या मायची परीक्षा घ्यायला न्हाई आलो इथं," ते म्हणाले.

रेणुकानं समजावून पाहिलं. मोठ्या पेट्यांत बोलणं बुडून जातं, एक मधला स्पीकर हवाच, असं ती सांगत होती. धम्मदीप ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. त्यात संगप्पा पुढे आले. गिऱ्हाईक म्हणतं ते दे, शिकवायला जाऊ नको, असं ते लेकीला सगळ्यांसमोर म्हणाले. तासाभरात माल टेम्पोत चढला. रेणुका पायरीवर उभी राहिली. माझी वेळ होती आणि ती गेली, असं वाटून मी आतल्या आत झुरत राहिलो.

तीन आठवड्यांनी, बुधवारी दुपारी, सुमनबाई एकट्याच दुकानात आल्या. एसटीनं आल्या होत्या. उभ्या उभ्याच त्या म्हणाल्या, "बाई, रविवारी घरी सगळे पाव्हणे येणार हायत. सिनेमा लावणार हाय पोरगा. तू ती ष्टोरी मला सांग. कुठं हसायचं अन् कुठं डोळे पुसायचे, तेवढं सांग. बाकी मी निभावते."

रेणुकानं त्यांना खुर्ची दिली. हळूहळू सगळं बाहेर आलं. सात वर्षांपासून त्यांना शब्द नीट ऐकू येत नव्हते. गिरणीतल्या यंत्रांनी कान खाल्ले होते. पोराला कळलं तर तो म्हणेल, माझ्या शिक्षणापायी मायचे कान गेले. म्हणून त्या गप्प होत्या. नव्या खोलीत तर आवाजाचा नुसता धबधबा अंगावर यायचा. डोकं ठणकायचं, पण शब्द एकही हाती लागायचा नाही.

रेणुकानं ष्टोरी सांगितली नाही. ती मागे आली, भेंडोळी बाजूला फेकली आणि मला उचललं. चिकटपट्टीचा तुकडा माझ्या चेपलेल्या घुमटावर अलगद चिकटवला आणि श्वास रोखून वर ओढला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मला वाटलं, कापड फाटणार आणि माझा कायमचा निकाल लागणार. तिसऱ्या खेपेला घुमट टप्प करून वर आला. एक सुरकुती तेवढी राहिली.

तिनं मला जोडलं, सुमनबाईंची खुर्ची जवळ आणली, पुढून पाचर लावून माझं तोंड त्यांच्या कानाकडे उचललं. जाड आवाज कमी केला. मग माईक घेऊन ती त्यांच्या पाठीमागे गेली, ओठ दिसू नयेत म्हणून. पहिला शब्द तिनं 'ताट' म्हटला. सुमनबाई म्हणाल्या, "आट?" दुसरा 'शेत'. त्या म्हणाल्या, "एक?" माझी सुरकुती नडत होती की काय, मला कळेना. रेणुकानं अजून थोडं कमीजास्त केलं आणि माईकमध्ये शांतपणे म्हणाली, "सुमनबाई."

त्या वळल्या नाहीत. समोर माझ्याकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लई वरसांनी माझं नाव पुरतं ऐकलं. न्हाईतर मला नुसतं 'उमन' ऐकू येतंय."

शनिवारी रेणुका मला मांडीवर घेऊन अहमदपूरच्या एसटीत बसली. वडिलांना तिनं सांगितलं होतं, "सुट्टी टाकते, दुकानाचं काम नव्हे, माझं काम हाय." दार धम्मदीपनीच उघडलं.

"मी बोलावलं नव्हतं तुम्हाला," ते म्हणाले.

"म्या बोलवलं," रेणुकाला दारात पाहून आतून सुमनबाई म्हणाल्या. त्या पुढे आल्या. भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. "दीप, मला ऐकू येत न्हाई रे. सात वरसं झाली."

धम्मदीप बघतच राहिले. मग त्यांनी विचारलं, "मग रोज मी हापिसातलं सांगतो, ते?"

"तुझं तोंड बघून मला समजतं, दिवस बरा गेला का न्हाई ते. बाकीचं न्हाई कळत."

ते तिथंच पायरीवर बसले. रागावतील, रेणुकाला घालवून देतील, असं मला वाटलं होतं. पण ते उठले आणि त्यांनी रेणुकाच्या हातातून मला घेतलं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खोली उलटीपालटी झाली. प्रोजेक्टर नेमका सुमनबाईंच्या खुर्चीवर टांगलेला होता आणि त्याच्या पंख्याची घरघर त्यांच्या डोक्यावर चालायची. तो काढून मागच्या भिंतीजवळ स्लॅबला पक्का बसवला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या त्यांच्या डोळ्यांना त्याचा उजेड टोचायचा, तोही कमी केला. गुळगुळीत भिंतींवरून आवाज घुमत होता. रेणुकानं जाड पडदे सुचवले, तेव्हा सुमनबाईंनी कपाटातून स्वतः शिवलेल्या चार वाकळा काढून दिल्या. त्या भिंतींवर चढल्या आणि खोलीतला घुमार बसला. उंच पेट्यांचा आवाज निम्म्यावर आणला. मला पडद्याखाली मधोमध ठेवलं.

रविवारी दुपारी खोली भरली. उमरीची आत्या, तिच्या सुना, शेजारचे. सिनेमा विनोदी होता. पहिला अर्धा तास बरा गेला. मग पडद्यावरचा एक म्हातारा भराभरा बोलू लागला आणि माझा घुमट कुरकुरला. सुरकुती नडली असं मला वाटलं; एक अक्षर फाटलं, मग दुसरं. रेणुका मागे उभी होती. तिनं वायरीला हात घातला, पण चालू सिनेमात करण्यासारखं काही नव्हतं. लोक हसले. सुमनबाईंच्या हातातला पदर बोटाभोवती गुंडाळला जाऊ लागला. मी जिवाच्या आकांतानं बोलत होतो आणि शब्द माझ्यातून निसटत होते.

तेवढ्यात सुमनबाईंनी पदर सोडला आणि हात वर केला.

"थांबव रे," त्या म्हणाल्या. "त्यो काय म्हणला ते मला समजलं न्हाई. परत लाव."

सगळं थांबलं. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. धम्मदीपनी सिनेमा मागे घेतला. मग आत्या हळूच म्हणाली, "बरं झालं वयनी म्हणाल्या. मला बी कुठं समजलं होतं?"

तो प्रसंग त्या दुपारी तीनदा लागला. तिसऱ्या वेळेआधी रेणुकानं माझी ढिली झालेली एक तार पुन्हा घट्ट आवळली; दोष सुरकुतीचा नव्हताच. तेव्हा सगळी अक्षरं सरळ बाहेर पडली.

पुढच्याच आठवड्यात धम्मदीप मायला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आता त्यांच्या दोन्ही कानांत शेंगदाण्याएवढी यंत्रं आहेत. माझ्यावाचून त्यांचं अडत नाही. तरी मी पडद्याखालीच आहे. सकाळी झाडताना त्या कोरड्या फडक्यानं माझी धूळ पुसतात आणि जाळीला बोट लागू देत नाहीत. संगप्पांनी दुकानात समोरच्या फळीवर मधले स्पीकर मांडले आहेत. ते लेकीचं ऐकून, असं मात्र ते कबूल करत नाहीत.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना ओल, धूळ आणि उगाच लावलेलं बोट सोसत नाही, तेवढं जपा. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. तुमच्या घरात कुणी प्रत्येक गोष्टीला 'हो, हो' म्हणून मान हलवत असेल, तर टीव्हीचा आवाज वाढवू नका आणि त्यांच्यावर ओरडूही नका. समोर जाऊन बसा. सावकाश बोला. आणि त्यांनी "काय म्हणलास?" असं विचारलं, तर "काही न्हाई, जाऊ दे" असं कधीही म्हणू नका. तेच वाक्य पुन्हा एकदा म्हणा.