चार वाटांची छावणी

वेल्सच्या डोंगरावरल्या रोमन छावणीचे आता गवताळ बांधच उरले होते, आणि चार बाजूंना चार सारख्याच वाटा. दाट धुक्यात इथेल मधोमध थबकला. पाहुण्या प्रवचनकारांना चॅपलात वेळेवर पोचवायचं होतं.

"अहो, तुमचीच मेंढरं चरतात ना इथं?" प्रवचनकार हसले.

"मेंढरांना वाट ठाऊक असेल हो. मला चारही सारख्याच दिसतायत."

"मग इथंच सुरू करू." त्यांनी प्रवचनाला सुरुवात केली. बोलता बोलता आवाज चढला, गाऊ लागला. इथेलचे डोळे भरले.

"आमेन!" समोरून आलं. मग मागून, मग डावीकडून, उजवीकडून. त्यांना शोधायला निघालेले गावकरी आवाजाच्या रोखानं चारही वाटांनी आत येत होते.

"मारेद, चॅपल कुठल्या बाजूला गं?" इथेलनं बायकोला विचारलं.

"मला काय विचारता? आम्हीही चुकलोय. गप्प बसा, ऐकू द्या!"