बदामाच्या पानांच्या बिड्या

कट्.

आवाज एवढाच झाला. शनिवारची दुपार होती. सासूबाई पेपर छातीवर घेऊन निजल्या होत्या, बेळगावच्या टिळकवाडीतल्या त्या फ्लॅटमधला फ्रिजसुद्धा घुरघुरायचा थांबला होता आणि नीलम ओट्यापाशी उभ्या उभ्या चहा पीत होती. चहा गार झाला होता. लेक जन्मल्यापासून सात वर्षं तिनं गरम चहा फक्त दुसऱ्यांना दिला होता.

पुन्हा कट्. डायनिंग टेबलाखालून.

दुसऱ्या कुठल्याही आईला वाटलं असतं, पोरीनं कात्री घेतली की काय. नीलमला तसं काही वाटलं नाही. दातानं दोरा तोडल्याचा तो आवाज होता, आणि तो ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. निपाणीतल्या त्यांच्या गल्लीत सकाळी चिमण्या उठायच्या आधी हा आवाज उठायचा.

ती वाकली. टेबलाखाली चिन्मयी मांडी घालून बसली होती. मांडीवर कुठल्याशा खेळाच्या खोक्याचं झाकण सुपासारखं धरलेलं, उजवीकडं डब्यात भिजत घातलेली शाळेतल्या बदामाच्या झाडाची पानं, डावीकडं वाटीभर पेन्सिलीचा भुसा, आणि तोंडात आजीच्या शिवणाच्या डब्यातला तांबडा दोरा. पुढ्यात ओळीनं अकरा बिड्या.

“काय करालीस गं?”

“बिड्या,” चिन्मयी म्हणाली. एखादं पोर ‘अभ्यास’ म्हणतं, तितक्याच कंटाळ्यानं. “आक्कानं शिकवलं.”

आक्का म्हणजे नीलमची आई, बाळाबाई. अख्खी गल्ली आक्का म्हणायची म्हणून लेकही आक्काच म्हणायची आणि आता नातही. आक्कानं बत्तीस वर्षं बिड्या वळल्या. चार वर्षांमागं डोळे अधू झाले तसं काम सुटलं, पण हाताला कुणी कळवलंच नव्हतं. टीव्हीवरची मालिका बघता बघता हातात सापडेल ते ती वळायची: एस.टी.चं तिकीट, औषधाची चिठ्ठी, एकदा तर लग्नाची पत्रिका. मे महिन्यात सुट्टीला गेल्यावर आजी-नात तासन् तास घरामागच्या परड्यात बसायच्या. नीलमला वाटायचं, रांगोळी शिकताहेत. आणि पोरगी कुणीतरी सांभाळतंय या आनंदात ती दुपारभर झोपा काढायची. त्या झोपांचं हे फळ.

आता, यात घाबरण्यासारखं काय होतं? तर सासूबाई होत्या.

माधवीबाई निवृत्त मुख्याध्यापिका. निशांतनं लग्नाआधी घरी सांगितलं होतं की मुलीकडचं तंबाखूचं आहे, आणि तो पुढचं वाक्य शोधत असतानाच माधवीबाईंनी ‘म्हणजे व्यापार’ असं म्हणून ते पुरं करून टाकलं. निशांतनं ते खोडलं नाही. नीलमनंही नाही. बघायला मंडळी आली त्या दिवशी आक्कानं सूप, कात्री, साचा सगळं माळ्यावर कोंबलं, शेजारच्या दोन बायकांना आज खोकू नका म्हणून बजावलं, आणि तरी घरभर वास होताच. माधवीबाईंनी तो खोल श्वास घेऊन हुंगला आणि म्हणाल्या की व्यापाऱ्याचं घर वासावरनं कळतं. आक्का पदराआड इतकी हसली की सगळ्यांना वाटलं, लेकीच्या वियोगानं रडतेय. नऊ वर्षं झाली त्याला. सोफ्यावर नवेपणी घातलेलं प्लॅस्टिक काढायचं राहून जातं, तसा तो ‘व्यापार’ तिथंच राहिला होता.

म्हणजे शहाण्या सुनेनं काय करावं? पानं कचऱ्यात टाकावीत, दोरा डब्यात ठेवावा, पोरीला रंगपेटी द्यावी. नीलमनं एक बिडी उचलली, अंगठा आणि बोटात फिरवली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “सैल आहे. ही छाट जाणार.”

छाट म्हणजे कारखान्यातला चेकर जी बाजूला काढायचा, ती. निपाणीतल्या पोरांना नापास होण्याची भीती नव्हती, छाट होण्याची होती. नीलमच्या वर्गात पोरं एकमेकांना चिडवायचीसुद्धा, तू तर छाटच निघालास म्हणून. शाळा सुटली की दप्तर टाकायचं आणि आईपुढं बसून वळलेल्या बिड्यांची तोंडं मोडायची, म्हणजे नखानं टोकं आत दुमडून मिटायची. पाढे, कविता, नद्यांची नावं, सगळं पाठांतर त्या तोंडांवरच झालं. तिच्या वह्यांना वास यायचा. धारवाडकडून बदलून आलेल्या एका बाई वह्या तपासताना प्रत्येक पानाला शिंकायच्या, आणि पोरं उत्तर बरोबर आहे का चूक ते शिंकेच्या जोरावरनं ओळखायची. हंगामात वखारींत तंबाखू चाळायला लागले की बारीक धुळीचा खकाणा उडायचा, हायवेवरनं उतरलेला परका माणूस स्टँडवरच ओळखू यायचा, कारण तो शिंकत असायचा. गावातली पोरं त्याच्यामागं शिंका मोजत जायची. या सगळ्यात नीलमला कधी काही वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटायचं शिकायला ती कॉलेजसाठी बेळगावला आली.

तर ती टेबलाखाली शिरली. सात वर्षांच्या पोरीच्या मापाची ती जागा, तिथं गुडघे हनुवटीला लावून बसली. पान पुसलं, शिरा बाहेरच्या बाजूला घेतल्या, चिमूटभर भुसा पसरला. पुढचं तिनं केलं नाही, अंगठ्यानंच केलं. वळली, दोऱ्याचे दोन वेढे, कट्, आणि नखानं तोंड मिटून टाकलं. इतकी झक्क बिडी की चिन्मयी ‘आई’ म्हणाली आणि डोळे मोठे करून तिच्याकडं बघत राहिली. नीलमकडं इंजिनिअरिंगची पदवी घेतानासुद्धा कुणी असं बघितलं नव्हतं.

“आजीला सांगू नको हं,” ती कुजबुजली. “कुणालाच नको.”

इथं ती चुकली.

मंगळवारी शाळेच्या डायरीत तांबड्या शाईत ओळ आली: पालकांनी तातडीनं भेटावं. निशांत कामासाठी हुबळीला गेला होता. दुसऱ्या दिवशी नीलम नको नको म्हणत असताना माधवीबाई बरोबर यायला तयार झाल्या. शाळा म्हणजे त्यांचं माहेर, तिथं त्यांना कोण अडवणार. रिक्षात त्या सुनेला समजावत होत्या की आजकालच्या शिक्षिकांना मुलांशी बोलताच येत नाही.

सौम्या मिस तिशीच्या आतल्या, कन्नड वळणाचं मराठी बोलणाऱ्या, मुळात गरीब स्वभावाच्या. त्यांनी टिशू पेपर उलगडला. आत बारा बिड्या. चिन्मयी मधल्या सुट्टीत वर्गाला बिड्या वळायला शिकवत होती, म्हणाल्या. दोन मुलं कानात लावून हिंडली, एकानं मॉनिटरलाच ओढायला दिली. ते एक वेळ ठीक. या अकरा मुलीनं केल्यात हे कळतं. पण ही बारावी दुकानातली आहे. म्हणजे घरात कुणीतरी ओढतं, आणि मुलगी ती दप्तरात घालून शाळेत आणते. कुणाची म्हणून विचारलं तर गप्प. काल विचारलं, आज विचारलं. खोटं बोलण्यापेक्षा हे वाईट, असं मिस म्हणाल्या, आणि याची नोंद करावी लागेल, पुढच्या वर्गाच्या मिसना ती दिसेल.

बाकाच्या कडेला चिन्मयी उभी होती. ओठ गच्च मिटलेले, अगदी बिडीसारखे. आईकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. दोन दिवस सांभाळलेला शब्द अशा वेळी डोळ्यांतनं सांडेल म्हणून.

माधवीबाई उठून उभ्या राहिल्या. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी सुपारीसुद्धा खाल्ली नाही, त्यांनी सुरू केलं. निशांत तर चहासुद्धा एकदाच घेतो. राहता राहिलं सुनेचं माहेर, तर ते तंबाखूचे व्यापारी, आणि व्यापारी स्वतःचा माल कधी ओढत नाहीत, हे कुणालाही माहीत असतं. भाषण चांगलं चाललं होतं. ते तसंच चालू दिलं असतं तर मुख्याध्यापिकाबाईंच्या वजनापुढं मिसनी पाचेक मिनिटांत माफी मागितली असती, हे नीलमला दिसत होतं. नोंद टळली असती, व्यापार शाबूत राहिला असता. फक्त त्या बाकाच्या कडेला एक पोरगी खोटारडी ठरून, आईसाठी तोंड मिटून, तशीच उभी राहिली असती.

“आई, जरा थांबा,” ती सासूबाईंना म्हणाली.

तिनं बारावी बिडी उचलली आणि दोरा ओढला. पेन्सिलीचा भुसा मिसच्या हजेरीपटावर पडला. त्यात एक शिशाचं टोकही होतं.

“ही मी केलीय.”

मिस हसल्या. तसं हसतात, समजूतदार पालक मुलाचा गुन्हा अंगावर घेतो तेव्हा. नीलमला एकदम आक्काच्या चेकरचा राग आला, पंचवीस वर्षांपूर्वीच्या; बिड्या बाजूला काढताना तोही असाच हसायचा. तिनं चिन्मयीचं दप्तर उघडलं. डब्यात ओली पानं होतीच, पोरगी मालाशिवाय घराबाहेर पडत नव्हती. दोरा होता. मांडीवर हजेरीपट घेतला, सूप म्हणून. मग मिसच्या, सासूबाईंच्या आणि भिंतीवरच्या जगाच्या नकाशाच्या साक्षीनं तिनं एक बिडी वळली. कट्. तोंड मिटलं. आणि टेबलावर ठेवली.

“माझ्या आईनं बत्तीस वर्षं हेच केलं,” ती म्हणाली. “तोंडं मी मोडायची. वखार-बिखार काय नव्हती आमची. चिनूला कुणाला सांगू नको म्हणून मीच सांगितलंतं, म्हणून ती बोलली नाही.”

मिसनी बिडी उचलून उलटसुलट केली. मग हळूच म्हणाल्या की त्यांची अत्ते, म्हणजे आत्यासुद्धा वळायची, चिकोडीला, पण त्यांना काही कधी जमलं नाही, बोटं जाड. नोंदवही त्यांनी स्वतःच मिटली. नवी बिडी मात्र ड्रॉवरमध्ये टाकली. शाळेच्या आवारात असला पदार्थ पालकांनाही बाळगता येत नाही, म्हणाल्या, भुशाचा असला तरी.

तिघी रिक्षानं घरी निघाल्या. चिन्मयी दोघींच्या मध्ये. माधवीबाई रस्त्याकडं बघत होत्या. रेल्वे गेट पडलेलं होतं, गाडी यायची होती, आणि नीलम मनात उत्तरं जुळवत होती: सांगायला हवं होतं, कधी विषयच निघाला नाही, तुम्हीच म्हणालात. गाडी धडधडत गेली. गेट उघडलं. माधवीबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

“एवढ्याशा बिडीचं तोंड एका नखात मिटतेस,” त्या म्हणाल्या. “मग दर दिवाळीला तुझ्या करंज्या तेलात तोंड उघडतात त्या कशा?”

 नऊ वर्षांत पहिल्यांदा नीलमला सासूबाईंच्या टोमण्याचं हसू आलं, आणि ते दाबायला पदर नव्हता, कारण ती कुर्त्यात होती. मग माधवीबाईंनी जाहीर केलं की या दिवाळीला बाळाबाईंना इकडंच बोलवायचं, करंज्या बघायला. नऊ वर्षांत त्यांनी विहीणबाईंचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. ‘निपाणीकडचे’ एवढंच म्हणायच्या एरवी.

चहा टाकून नीलमनं आक्काला फोन लावला. सगळं सांगितलं. आक्कानं शेवटी एवढंच विचारलं,

“बाईनं छाटली काय गं?”

“न्हाय आक्का. ठेवून घेतली.”

“मग झालं की,” आक्का म्हणाली. तिचा श्वास जरा घरघरत होता. “तू लई घट्ट वळायचीस न्हायतर. वडायला जड.” आणि मालिका लागली म्हणून फोन ठेवला.

स्वयंपाकघरात चिन्मयी जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. रिक्षा, रेल्वे गेट, तीन बायका, त्यातल्या एकीला भलामोठा चष्मा. पुरं झाल्यावर तिनं सवयीनं ते आईकडं दिलं. नीलमनं कपाटातनं फाईल काढली. चिन्मयीच्या पहिल्या रेघोट्यांपासून सगळं तिच्यात होतं. भिंतीवर काढलेल्या हत्तीचा तर फोटो छापून लावला होता. बिस्किटाच्या डब्यात पहिला दात होता, पहिली नखंसुद्धा होती, ज्याला निशांत संग्रहालय म्हणायचा आणि माधवीबाई कचरा.

फाईल भरत आली होती. नीलमनं चित्र नीट आत सरकवलं. चिन्मयी बघत होती.

“आई, आक्कानं किती बिड्या केल्या गं? सगळ्या मिळून?”

“लई. दिवसाला हजार.”

“बत्तीस वर्षं?”

“व्हय.”

“त्या सगळ्या कुठं गेल्या?”

“लोकांनी ओढल्या. धूर झाला.”

चिन्मयीनं यावर बराच विचार केला. पेन्सिल कानामागं अडकवली, आक्का अडकवते तशी.

“माझी सगळी चित्रं तू ठेवतेस,” ती म्हणाली. “मग आक्काची एक पण का नाही ठेवलीस?”